पेटीवरचं नाव, पेटीतला माल

१९९८ साली रत्नागिरीत मी पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानदाराला एकच प्रश्न विचारला होता : पेंटियम आहे ना? गावात सगळेच तेवढंच विचारत. डीटीपीवाले, पतपेढीचे मॅनेजर, मुलाला ‘कॉम्प्युटर शिकवायचा’ म्हणून फंडातून पैसे काढलेले मास्तर, सगळे. कोकण रेल्वे त्याच वर्षी जानेवारीत पूर्ण मार्गावर धावू लागली होती. त्याआधी आमचा दुकानदार रातराणीने मुंबईला जायचा, लॅमिंग्टन रोडवर दिवसभर सुटे भाग गोळा करायचा आणि मदरबोर्डाचा खोका मांडीवर घेऊन कशेडी घाटातून परतायचा. रेल्वे आल्यावर खोका मांडीवरून बर्थखाली गेला, एवढाच फरक.

दोन पावसाळे काढल्यावर यंत्र अधूनमधून रुसायला लागलं. इथल्या दमट हवेत त्याचं नवल नाही. झाकण उघडून पंखा काढला, तर खालच्या चिपवर पेंटियमचा पत्ता नव्हता. तिथे लिहिलं होतं : एएमडी के-सिक्स. मी तावातावाने दुकानात गेलो. दुकानदाराने चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं, “सर, हा पेंटियमच. फक्त दुसऱ्या कंपनीचा.”

त्या दिवशी मला तो निव्वळ लबाड वाटला. पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं की गडी अर्धं खरं बोलला होता. ज्याला जग ‘पेंटियमचा जनक’ म्हणतं तो विनोद धाम १९५० साली पुण्यात जन्मला, रावळपिंडीहून आलेल्या पंजाबी कुटुंबात. दिल्लीत इंजिनीअर झाला, अमेरिकेला गेला, १९७९ साली इंटेलमध्ये लागला आणि पेंटियम बाजारात आणेपर्यंत तिथे राहिला. १९९५ साली इंटेल सोडून तो नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेला. ती कंपनी लगेचच एएमडीने विकत घेतली आणि १९९७ च्या एप्रिलमध्ये के-सिक्स बाजारात आला, त्यामागे हाच माणूस होता. एवढंच नाही, के-सिक्स पेंटियमच्याच खोबणीत बसायचा. मदरबोर्ड तोच, सॉकेट तोच, चालणारे प्रोग्राम तेच. पेटीवरचं नाव वेगळं आणि किंमत कमी. फरक कमी किमतीचा होता आणि तो दुकानदाराने स्वतःच्या खिशात घातला, ही माझी तक्रार मात्र आजही कायम आहे.

या पुस्तकाचं बीज त्या चहात आहे. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांची चढाओढ हा विषय मराठीत आला की तो वेगाच्या आकड्यांचा होतो : किती गिगाहर्ट्‌झ, किती कोअर, कोण पहिला. मला त्यात फारसा रस नाही. वेगवान चिप बनवणारी कंपनी डबघाईला आलेली आणि मागे पडलेली चिप विकणारी कंपनी वर्षानुवर्षं नोटा मोजत बसलेली, असं या धंद्यात वारंवार घडलं आहे. का घडलं, हे समजून घ्यायचं तर चिपपेक्षा करार, कारखाना आणि गिऱ्हाईक यांच्याकडे पाहावं लागतं. रत्नागिरीत बसून ते जास्त स्पष्ट दिसतं, असा माझा दावा आहे. तो ऐकून मित्र हसतात. हसोत.

मुळापासून थोडक्यात सांगतो. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ साली इंटेल काढली. पुढच्याच वर्षी जेरी सँडर्स आणि त्याच्या साथीदारांनी एएमडी. दोन्ही घरं फेअरचाइल्ड या एकाच कंपनीतून फुटून निघालेली. १९८१ साली आयबीएमने आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर घेतला. पण एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला एकाच पुरवठादारावर विसंबून राहायचं नव्हतं. हाच माल बनवणारी दुसरी कंपनी हवी, हा आयबीएमचा आग्रह. म्हणून १९८२ साली इंटेलने एएमडीशी करार केला आणि आपले आराखडे तिला दिले. प्रतिस्पर्धी इंटेलने स्वतःच्या हाताने उभा केला, तोही गिऱ्हाइकाच्या दबावाखाली. पुढच्या चाळीस वर्षांचं भांडण या एका व्यवहारातून निघालं आहे.

१९८५ साली ३८६ आला तेव्हा इंटेलला दुसऱ्याची गरज वाटेनाशी झाली आणि तिने आराखडे देणं बंद केलं. एएमडी लवादाकडे गेली, मग कोर्टात गेली. दरम्यान १९९१ साली तिने स्वतःच्या बळावर ३८६ बनवून बाजारात आणला. वाद मिटायला १९९५ उजाडलं. कोकणातल्या माणसाला ही कथा ओळखीची वाटेल. आमच्याकडे भावकीत एक सामायिक विहीर असते. दोन्ही घरं एकमेकांविरुद्ध तारखा लावतात आणि सकाळी त्याच विहिरीवर पाणी भरतात. इंटेल आणि एएमडीची ती विहीर म्हणजे एक्स-८६ ही प्रोसेसरची भाषा. ती इंटेलची. पण २००३ साली एएमडीने ऑप्टेरॉन आणला आणि त्या भाषेचा ६४ बिटांपर्यंत विस्तार केला. इंटेलने स्वतःची वेगळी वाट म्हणून आणलेला इटेनियम बाजाराने नाकारला होता, त्यामुळे एएमडीचाच विस्तार इंटेलला स्वीकारावा लागला. तेव्हापासून विहिरीचा अर्धा कठडा एकाचा आणि अर्धा दुसऱ्याचा आहे. कोणालाच दुसऱ्याला हाकलता येत नाही.

आता नावाचं. ३८६, ४८६ हे नुसते आकडे होते. आकड्यावर ट्रेडमार्क मिळत नाही, असं अमेरिकेतल्या कोर्टाने १९९१ साली इंटेलला सांगितलं. म्हणजे कोणीही चिप बनवावी आणि तिला ३८६ म्हणावं. कर्नाटकातून आलेला आंबा हापूस म्हणून विकला जातो तेव्हा इथल्या बागायतदाराची जी तडफड होते, तीच इंटेलची झाली. आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळायला २०१८ उजाडलं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांबाहेरच्या आंब्याला ते नाव लावता येत नाही, निदान कागदावर. इंटेलने उशीर केला नाही. १९९३ साली आलेल्या पुढच्या चिपला ५८६ न म्हणता तिने पेंटियम हे नवं नाव घडवलं. त्याआधीच, १९९१ पासून, ‘इंटेल इनसाइड’ची मोहीम सुरू झाली होती. कॉम्प्युटर बनवणाऱ्याने आपल्या जाहिरातीत ते चिन्ह छापायचं आणि इंटेलने जाहिरातीच्या खर्चाचा वाटा उचलायचा. ज्या वस्तूचं तोंड गिऱ्हाईक कधी पाहत नाही, तिचं नाव घरोघरी पोचवण्याचा हा बेत होता. तो इतका फळला की रत्नागिरीतला मास्तर कॉम्प्युटर मागायचं सोडून पेंटियम मागू लागला. नावाची किंमतही मोजावी लागली. १९९४ साली पेंटियमच्या भागाकारात चूक सापडली. क्वचितच अडणारी ती चूक होती. पण नाव सर्वतोमुखी झालं होतं, त्यामुळे बदलून देण्यापायी इंटेलला ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढावे लागले.

यानंतरचा भाग पुस्तकात सगळ्यात लांबला आहे, कारण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २००० च्या मार्चमध्ये एक गिगाहर्ट्‌झचा टप्पा एएमडीने इंटेलच्या दोन दिवस आधी गाठला. २००३ च्या ऑप्टेरॉनने सर्व्हरच्या बाजारात इंटेलला घाम फोडला. माल सरस, भाव कमी. तरीही मोठ्या कॉम्प्युटर कंपन्या एएमडीची चिप घ्यायला बिचकत होत्या. का?

वाशीच्या मार्केटला आंबा पाठवणाऱ्याला याचं उत्तर मी सांगायची गरज नाही. मोहोराच्या फवारणीला पैसे लागतात, राखणीला लागतात, गवताला, पेट्यांना लागतात. ते कोण देतो? वाशीचा दलाल. त्याला उचल म्हणतात. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर जातो. शेजारच्या गाळ्यावर पेटीमागे शंभर रुपये जास्त मिळत असले तरी तिकडे पाहायचं नाही. हंगाम संपल्यावर पट्टी येते. तीत हमाली, तोलाई, वाहतूक आणि उचल वजा होऊन जे उरेल ते आपलं. कोणी बंदूक रोखलेली नसते. पुढच्या वर्षी उचल मिळणार नाही, ही भीती पुरते.

युरोपीय आयोगाने मे २००९ मध्ये इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला, तो जवळपास याच आरोपावर. डेल, एचपी, लेनोवो, एनईसी यांना सूट दिली गेली, पण सगळी किंवा जवळपास सगळी खरेदी इंटेलकडूनच करण्याच्या अटीवर, असं आयोगाचं म्हणणं होतं. इंटेलने ते शेवटपर्यंत नाकारलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन आपसातले दावे मिटवले. युरोपातला खटला मात्र रेंगाळला. २०२२ साली तिथल्या न्यायालयाने तो दंड रद्द केला. सुटीमुळे स्पर्धा खरोखर मारली जात होती हे आयोगाला नीट सिद्ध करता आलं नाही, असं त्याचं मत पडलं. २०२४ च्या ऑक्टोबरात वरिष्ठ न्यायालयाने ते कायम केलं. मधल्या काळात आयोगाने वेगळ्या, थेट अडवणुकीच्या मुद्द्यांवर ३७ कोटी ६० लाख युरोंचा छोटा दंड नव्याने लावला होता. कायद्याने कोण दोषी, हा प्रश्न मी वकिलांवर सोपवतो. माझं मत मात्र झालं आहे : मालाच्या गुणावर भाव ठरण्याच्या काळात भाव गुणावर ठरला नाही, आणि त्या चार-पाच वर्षांत एएमडीला जो पैसा मिळायला हवा होता तो न मिळाल्याने तिचं पुढचं दशक बुडालं.

अर्थात दुसऱ्याच्या डोक्यावर सगळं खापर फोडता येत नाही. एएमडीने २००६ साली एटीआय ही ग्राफिक्सची कंपनी ५४० कोटी डॉलरना घेतली. ती रक्कम तिला पेलणारी नव्हती. त्याच वर्षी इंटेलचा कोअर टू ड्यूओ आला आणि सरसपणाही इंटेलकडे परत गेला. चिप कंपनीकडे स्वतःचा कारखाना असलाच पाहिजे, असं सँडर्स छातीठोकपणे सांगायचा. त्याच्याच कंपनीने २००९ साली अबू धाबीच्या पैशाला वाट देत कारखाने वेगळे केले. २०११ चा बुलडोझर सपशेल फसला. २०१३ साली ऑस्टिनमधला स्वतःचा परिसर विकून तोच भाड्याने घ्यायची पाळी आली. २०१५ साली एएमडीची विक्री ४०० कोटी डॉलरच्या आतबाहेर, तोटा ६६ कोटी, शेअर दोन डॉलरच्याही खाली. इंटेलची त्याच वर्षीची विक्री ५,५०० कोटी डॉलरच्या वर आणि नफा ११०० कोटींच्या वर.

आता २०२४ चा ताळेबंद पाहा. एएमडीची विक्री सुमारे २,५८० कोटी, नफा सुमारे १६० कोटी. इंटेलची विक्री सुमारे ५,३१० कोटी आणि तोटा जवळपास १,८८० कोटी डॉलर. विक्री त्या वर्षीही इंटेलचीच दुप्पट होती, हे लक्षात घ्या. वर्तमानपत्रं सांगतात तशी ती ‘संपलेली’ नाही. पण ऑगस्टमध्ये एका दिवसात तिचा शेअर २६ टक्के कोसळला, लाभांश थांबला, पंधरा टक्के नोकरकपात जाहीर झाली आणि नोव्हेंबरमध्ये डाऊ जोन्सच्या यादीतून तिचं नाव गेलं. तिच्या जागी एन्व्हिडिया बसली.

ही उलथापालथ नऊ वर्षांतली दिसते, पण कलमं त्याआधीच लावली गेली होती. एएमडीचा झेन हा नवा आराखडा २०१२ नंतर आकाराला येऊ लागला आणि २०१७ साली बाजारात आला. पाच वर्षं कंपनी गेम कन्सोलच्या चिपा विकून तग धरून राहिली. २०१४ पासून सूत्रं लिसा सू यांच्याकडे होती. कारखाना नसल्याने तैवानच्या टीएसएमसीकडे जो उत्तम कारखाना असेल तो वापरायची मोकळीक होती, आणि २०१९ पासून तीच कामाला आली. काल जी नामुष्की होती ती आज सोय झाली. इंटेलचा दहा नॅनोमीटरचा टप्पा मात्र स्वतःच्याच कारखान्यात वर्षानुवर्षं अडकला. स्वतःचा कारखाना रिकामा ठेवता येत नाही आणि भरायला माल नाही, अशी गत. २०२३ साली या कारखाना विभागाचा तोटा ७०० कोटी डॉलरच्या घरात होता. आयफोनची चिप बनवायला इंटेलने मागेच नकार दिला होता, कारण त्या भावात परवडणार नाही असा हिशेब निघाला. तो हिशेब करणाऱ्यांना मी हसत नाही. त्या दिवशीच्या कागदावर तो बरोबरच दिसला असणार.

आंब्याचा दाखला इथे तोकडा पडतो, हेही कबूल करतो. हापूसचं कलम आजोबाने लावलं तर नातू खातो. प्रोसेसरला दोन वर्षांत कोणी विचारत नाही. साम्य आहे ते निवडीत. सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर शेकडो चिपा एकाच वेळी घडतात, पण सगळ्या सारख्या उतरत नाहीत. जी जास्त वेगाला टिकते ती महाग नावाने विकायची, जिचा एखादा भाग बाद आहे तो बंद करून ती स्वस्त नावाने विकायची, अगदीच निरुपयोगी ती फेकायची. आमच्याकडे चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेट्या लागतात आणि उरलेलं कॅनिंगला जातं, तसंच. तबकडीचा खर्च ठरलेला असल्याने चांगल्या चिपांचं प्रमाण किती, यावरच नफा ठरतो.

“यात आपला काय संबंध?” हा प्रश्न व्याख्यानांनंतर हमखास येतो. उत्तर पुण्यात आहे. अमेरिका महासंगणक द्यायला कां-कूं करत होती म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. प्रमुख होते अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर. १९९१ साली परम ८००० तयार झाला, त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. इनमॉस सरकारी पैशाने सुरू झाली, मग खासगी हातात गेली, मग फ्रेंच-इटालियन कंपनीकडे. तिची पुढची चिप लांबत गेली आणि ते घराणंच बुडालं. परमला घोडा बदलावा लागला. परम ८६०० मध्ये इंटेलची आय-८६० आली, तीही फार जगली नाही. परम १०००० मध्ये सनचा अल्ट्रास्पार्क, परम पद्ममध्ये आयबीएमचा पॉवर, परम युवामध्ये इंटेलचा झिऑन. २०२० च्या परम सिद्धीत एन्व्हिडिया आणि एएमडी. या यंत्रांची यादी हीच मुळी प्रोसेसर कंपन्यांची कुंडली आहे. २००७ साली टाटांचा पुण्यातला ‘एका’ हा महासंगणक जगात चौथा आला तो इंटेलच्या जोरावर. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली बसलेला प्रत्युष इंटेलचा. २०२४ साली तिथेच आलेल्या अर्कमध्ये एएमडीचे एपिक प्रोसेसर आहेत. देशाला सहा किलोमीटरच्या चौकटीत हवामानाचा अंदाज देणारी प्रणाली २०२५ पासून याच अर्कवर चालते. मोहोरावर अवकाळी पाऊस येणार का, हे पाहायला मोबाइल उघडणारा पावस गावचा बागायतदार नकळत त्या चढाओढीच्या एका निकालावर बोट ठेवत असतो.

या पुस्तकात मोबाइलच्या चिपा जवळपास नाहीत. आर्मचा उल्लेख येतो तो सी-डॅक तिच्या आराखड्यावर औम हा प्रोसेसर रचते आहे त्या निमित्ताने, आणि ॲपलने २०२० साली इंटेलची साथ सोडली त्या संदर्भात. एन्व्हिडियावर एकच प्रकरण आहे. तिची भरती इतकी ताजी आहे की त्यावर आत्ता लिहिलेलं पुढच्या वर्षी वाचवणार नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारने इंटेलचा सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला, सप्टेंबरमध्ये एन्व्हिडियाने तीत ५०० कोटी डॉलर घालायचं जाहीर केलं. प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं आणि मग सोडून दिलं. शेअर घ्यावा की विकावा, हे विचारायला ज्यांनी पुस्तक उघडलं असेल त्यांनी ते मिटावं.

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी पहिल्यापासून वाचावं. बागायतदारांना मात्र विनंती आहे की त्यांनी तिसरं प्रकरण, सुटीचं आणि उचलीचं, आधी वाचावं. वाशीचा व्यवहार मी बाहेरून पाहिलेला आहे, तुम्ही तो दर मे महिन्यात भोगता. कोणी आपली जुनी पट्टी समोर ठेवून माझी तुलना कुठे फसते ते दाखवून दिलं, तर दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण मी नव्याने लिहीन.

रत्नागिरी